कंपनीला कुलूप लागलंय, आणि राजीनाम्यावर सही मागतायत. काय करावं?

डायफिटर
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच.

भोसरी एमआयडीसीत एका प्रेस शॉपच्या टूलरूममध्ये मी १ जून २००९ पासून डाय फिटर आहे, म्हणजे पत्रा कापायचे-वाकवायचे साचे (डाय) जुळवायचे आणि दुरुस्त करायचे. 'आहे' म्हणायचं की 'होतो', ते आज मलाच कळत नाही. गुरुवारी आमची साप्ताहिक सुट्टी असते. शुक्रवारी, २८ जूनला, पहिल्या पाळीला पावणेसातला गेटवर पोचलो तर आमच्या कुलपाशेजारी दुसरं नवं कुलूप, त्यावर लाखेचं सील, आणि भिंतीवर बँकेचा कागद. वॉचमनही अनोळखी. त्याच दिवशी देहूतून पालखी निघायची होती, रस्त्यावर वारकऱ्यांच्या गाड्या, आणि आम्ही पंधरावीस जण डबे हातात धरून गेटसमोर उभे. नऊपर्यंत कोणी हललं नाही. आत कोणीतरी येईल आणि दार उघडेल असंच वाटत होतं.

बुधवारी सुटेपर्यंत काम चालू होतं. एका ब्रॅकेटच्या प्रोग्रेसिव्ह डायचा पंच तुटला होता, तो मी नवा ग्राइंड करून बसवला, पाच पीस मारून क्वालिटीला दिले. शुक्रवारी लॉट लागणार होता. ज्या मशीनवर उद्या काम नाही तिच्यासाठी मला रात्री आठपर्यंत थांबवून घेतलं, हे डोक्यातून जात नाही.

हजेरीपटावर आम्ही ३८ जण, ठेकेदाराकडची वीसेक मुलं वेगळी. माझा एकूण पगार २०,८००, त्यात बेसिक आणि डीए मिळून १५,६००. मे महिन्याचा पगार झालेला नाही, जूनचा तर प्रश्नच नाही. पीएफचं पासबुक काल मुलाने मोबाईलवर काढून दाखवलं. नोव्हेंबर २०२३ नंतर एक रुपया भरलेला नाही. पगारातून मात्र दर महिन्याला कापलाय, स्लिपा आहेत.

आता मूळ प्रश्न. ऑफिसमधले एक जण एकेकाला फोन करून नाशिक रोडवरच्या हॉटेलात बोलावतायत. टाइप केलेला कागद तयार असतो: वैयक्तिक कारणास्तव स्वखुशीने राजीनामा देत आहे, कंपनीकडे माझं काही येणं नाही. सही केली की २५,००० रोख. आतापर्यंत ११ जणांनी केली. मी त्यांना नावं ठेवत नाही, एकाच्या मुलीचं कॉलेजचं ॲडमिशन अडलंय. मला उद्या बोलावलंय. जाऊ का?

आणि दुसरं, कुणाला लहान वाटेल, पण माझी हत्यारं आत लॉकरमध्ये आहेत. मितुतोयोचा मायक्रोमीटर, डायल, व्ही ब्लॉकची जोडी, स्वतः बनवलेले रेडियस गेज. सगळं माझ्या पैशाचं, पंधरा वर्षांत एकेक करून जमवलेलं. ती मिळतील का?

कागदपत्र
सही करू नका. सविस्तर रात्री लिहितो.

सौ_चिंचवड
दादा, हॉटेलात एकटे जाऊ नका एवढंच आत्ता सांगते.

नऊवर्षे
दुसरी बाजू सांगतो, राग मानू नका. आमची कंपनी बंद पडली तेव्हा मी सही केली नाही. लेबर कोर्टात नऊ वर्षं गेली. तारखेला गेलं की त्या दिवसाची मजुरी बुडायची. निकाल आमच्या बाजूने लागला तोपर्यंत शेड विकली गेली होती, मशिनरी भंगारात. हुकूमनामा आहे, पैसे नाहीत. ज्यांनी त्या वेळी ३०,००० घेतले त्यांनी निदान घरभाडं भरलं. २५,००० हातात येत असतील तर विचार करा.

कागदपत्र
२२ वर्षं एका युनियनच्या ऑफिसात कामगारांचे क्लेम लिहिले, त्यावरून सांगतो. 'नऊवर्षे' यांचं म्हणणं खोटं नाही. पण आधी कागदावर मांडून बघा की २५,००० च्या बदल्यात तुम्ही काय सोडताय.

औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५एफएफएफप्रमाणे कारखाना बंद झाला तर वर्षभर सलग काम केलेल्या प्रत्येक कामगाराला, पूर्ण झालेल्या दर वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार, शिवाय एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार. तुमची १५ वर्षं भरलीत. १०,४०० गुणिले १५ म्हणजे १,५६,०००, वर नोटिशीचे २०,८००. ग्रॅच्युइटी बेसिक-डीएवर, महिना २६ दिवसांचा धरून: १५,६०० भागिले २६ म्हणजे ६०० रोज, १५ दिवसांचे ९,०००, पंधरा वर्षांचे १,३५,०००. दोन महिन्यांचा राहिलेला पगार सुमारे ४०,०००. बेरीज साडेतीन लाखांच्या वर जाते, पीएफ अजून धरलेलाच नाही.

राजीनाम्यावर सही केली की पहिला आकडा पूर्ण जातो. राजीनामा म्हणजे कायद्याच्या लेखी कारखाना बंद पडला म्हणून नाही, तुम्ही आपणहून गेलात. म्हणूनच तर त्या कागदात 'स्वखुशीने' घातलंय. ग्रॅच्युइटी राजीनाम्यानंतरही मिळते, पाच वर्षं झालेल्या कुणालाही, पण 'काही येणं नाही' या ओळीवर तिथेही वाद घालतील.

पन्नासपेक्षा कमी माणसं असली की बंदची ६० दिवसांची नोटीस लागत नाही आणि शंभरच्या खाली सरकारची परवानगीही लागत नाही, हे मालकाचे सल्लागार तुम्हाला सांगतील. ते खरं आहे. पण नुकसानभरपाईला माणसांच्या संख्येची अट नाही. दुसरं सांगतील की मंदी होती, इलाज नव्हता, म्हणून तीन महिन्यांच्या पगारापुरतंच देणं लागतो. कायद्यात तशी सवलत आहे, मात्र त्याच कलमाखाली स्पष्टीकरण आहे की निव्वळ आर्थिक अडचण, तोटा, किंवा माल पडून राहणं हे त्या 'अपरिहार्य' कारणांत बसत नाही. ही ओळ पाठ करून ठेवा.

उद्या फोन आला तर सांगा, बोलायचं ते सगळ्यांशी एकत्र बोला, गेटवर या. आणि आज रात्रीच एक काम: जे २७ जण उरलेत त्यांची नावं, तिकीट नंबर, कामाला लागल्याची तारीख, शेवटचा पगार एका वहीत उतरवून घ्या, प्रत्येकाची सही घ्या. पुढच्या पंधरवड्यात माणसं गावी जातात, फोन बदलतात. मग २४० दिवस, म्हणजे कायद्याच्या हिशेबात सलग एक वर्ष, काम केल्याचा पुरावा जमवायला नाकी नऊ येतात.

प्रेसशॉप
मी दुसऱ्या बाजूचा माणूस. २०१७ साली माझं १४ माणसांचं प्रेस शॉप बंद केलं, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

बँकेचं सील एका रात्रीत येत नाही. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांत, जातं. मग सरफेसी कायद्याच्या (बँकेच्या कर्जवसुलीचा कायदा) कलम १३(२) ची नोटीस, ती ६० दिवसांची. त्यानंतर ताबा, आणि प्रत्यक्ष जागेचा ताबा घ्यायला बहुतेक वेळा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. म्हणजे तुमच्या मालकाला कमीत कमी पाच महिने आधी माहीत होतं. पीएफ नोव्हेंबरपासून बंद आहे म्हणता, तारखा जुळतात. आधी पीएफ थांबतो, मग ईएसआय (कामगार विमा), मग वीजबिल, सगळ्यात शेवटी पगार. कारण पगार थांबला की माणसं थांबतात.

मीही सांगितलं नव्हतं. मोठ्या कंपनीकडून ११० दिवसांनी पैसे यायचे, पत्र्याचे पैसे मात्र मला रोख द्यावे लागायचे. बंद होणार असं बाहेर कळलं असतं तर डाय उचलून नेल्या असत्या, उरलीसुरली ऑर्डर गेली असती, आणि अजून एक लॉट गेला की सावरेल असं मला शेवटच्या दिवसापर्यंत खरंच वाटत होतं. पण त्या दोन महिन्यांत माझ्या टर्नरने मुलाच्या लग्नासाठी कर्ज काढलं. त्याला माहीत असतं तर काढलं नसतं. घर विकून सगळ्यांची ग्रॅच्युइटी दिली, त्या कर्जाचं व्याज मात्र त्यानेच फेडलं.

हत्यारांबद्दल: बँकेचं तारण कंपनीच्या मालमत्तेवर असतं, तुमच्या मायक्रोमीटरवर नाही. ताबा घेताना पंचनामा आणि यादी होते. बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याचं नाव त्या चिकटवलेल्या कागदावरच असेल, त्याचा फोटो काढा. लॉकर नंबर आणि वस्तूंची यादी लिहून अर्ज द्या, पोच घ्या. बिलं असतील तर उत्तम. नसतील तर हत्यारावर नाव कोरलेलं आहे का? टूलरूमची माणसं कोरतात.

डायफिटर
कोरलंय. इलेक्ट्रिक पेन्सिलने, प्रत्येकावर आडनाव आणि वर्ष.

उद्या जात नाही. आत्ता १९ जणांची नावं वहीत आलीत, बाकीच्यांकडे सकाळी जातो. प्रेसशॉप साहेब, तुम्ही लिहिलंत त्याचे आभार. वाचून राग आला आणि थोडं कळलंही.

सौ_चिंचवड
घरातल्या बाईच्या बाजूने लिहिणारं इथे कोणी नाही म्हणून लिहिते. माझ्या मिस्टरांची चाकणची कंपनी २०१९ च्या मंदीत बंद झाली. सगळे पगार आणि ग्रॅच्युइटीचं बोलतात, आमचं घर ज्याने हललं ती गोष्ट वेगळीच होती. पतसंस्था.

कंपनीतले सगळे एकाच पतसंस्थेचे सभासद, हप्ता पगारातून कापला जायचा. आणि जामीनदार कोण? एकमेकांना एकमेक. ह्यांनी दोघांना जामीन दिलेला, ते दोघे ह्यांना. कुलूप लागलं त्या महिन्यात सगळे कर्जदार आणि सगळे जामीनदार एकाच दिवशी बेकार. तीन महिन्यांनी नोटिसा निघाल्या, आणि ज्या भाऊजींनी दहा वर्षं दिवाळीला आमच्याकडे फराळ केला ते दारात येऊन ह्यांना म्हणाले, तुझ्यामुळे माझ्या नावावर आलं. ह्यांच्यामुळे नव्हतं आलं. पण तो संबंध तुटला तो तुटलाच.

म्हणून सांगते, पतसंस्थेत हप्ता थकायच्या आधी जा. सगळे मिळून जा. कंपनी बंद झाल्याचं लेखी कळवा, हप्ते लांबवून मागा. नोटीस निघाल्यावर तेच लोक ऐकत नाहीत.

आणि ईएसआय कार्ड जपा. माझ्या सासूबाईंची बीपी-शुगरची औषधं मोहननगरच्या दवाखान्यातून यायची. ती बंद होणार हे आम्हाला खिडकीवर गेल्यावर कळलं.

कागदपत्र
ताईंनी फार मोलाचं लिहिलं. ईएसआयमध्ये दोन योजना आहेत, कंपनी बंद पडलेल्यांपैकी निम्म्यांना माहीतच नसतात. एक अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना: सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा. दुसरी जुनी, २००५ ची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, ती कारखाना बंद होणं, कामगार कपात अशा कारणांसाठी आहे. तिच्यात २४ महिन्यांपर्यंत भत्ता मिळतो, पहिलं वर्ष ५० टक्के, दुसरं २५, आणि त्या काळात औषधोपचारही. निदान दोन वर्षांची वर्गणी लागते. शाखा कार्यालयात दोन्हींबद्दल नाव घेऊन विचारा. 'काही योजना आहे का' असं विचारलं तर 'नाही' असं उत्तर येतं.

इथेही राजीनामा आड येतो. आपणहून नोकरी सोडलेल्याला हे मिळत नाही.

गिरणगावची
माझे वडील परळच्या गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर विणणारे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सहा वर्षांची. त्यांची गिरणी नंतर नावापुरती उघडली, त्यांना परत घेतलं नाही. त्यांनी कुठल्या कागदावर सही केली होती का, हे त्यांना स्वतःलाही शेवटपर्यंत आठवत नव्हतं.

पण आईने एक केलं. पत्र्याच्या ट्रंकेत गिरणीचा पास, ईएसआयचं कार्ड, रजेचं पुस्तक, पीएफची एक पावती, सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं. खोली बदलली, ट्रंक बरोबर. तीस वर्षांनी म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज मागवले तेव्हा १ जानेवारी १९८२ ला किंवा नंतर कामावर होते याचा पुरावा लागला. आमच्या चाळीतल्या कितीतरी जणांकडे काहीच नव्हतं. माणूस तीस वर्षं साच्यावर उभा राहिला आणि तसं दाखवणारा कागदाचा तुकडा नाही. वडील तोवर गेले होते. आईने अर्ज भरला तो त्या ट्रंकेवर बसून.

तुमच्या स्लिपा, हजेरी कार्ड, दिवाळीच्या बोनसचं पाकीट, काहीही फेकू नका.

शिकाऊ
मी पण भोसरीतच. टूल अँड डाय मेकरचा अप्रेंटिस होतो, आमची पण कंपनी एप्रिलमध्ये बंद झाली. माझे सात महिने राहिलेत. परीक्षेला बसता येणार नाही म्हणतात. अप्रेंटिसला नुकसानभरपाई नसते ना?

कागदपत्र
बाळा, तुझं वेगळं आहे. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ मध्ये करार दुसऱ्या आस्थापनेकडे वळवायची तरतूद आहे, अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या मान्यतेने. झालेले महिने फुकट जात नाहीत. आयटीआयमधल्या बीटीआरआय (अप्रेंटिसच्या मूलभूत प्रशिक्षणाच्या) केंद्रात कराराची प्रत घेऊन जा. नवी कंपनी मात्र बहुतेक तुलाच शोधावी लागेल.

सरफेसग्राइंडर
@शिकाऊ, व्यक्तिगत निरोप पाठवलाय. आमच्याकडे टूलरूममध्ये मुलगा हवाच आहे, साहेबांना विचारतो.

@डायफिटर, तळवड्यात चार गाळे माहीत आहेत जिथे प्रोग्रेसिव्ह टूलची दुरुस्ती चालते. अनुभवाचा दाखला मागत नाहीत, ट्रायल घेतात. एक पंच हातात देतात, क्लिअरन्स (पंच आणि डायमधली फट) सांगतात, आणि बघत बसतात. पगार सुरुवातीला पंधराच्या आसपास, तोही ठेकेदाराच्या नावावर. कमी आहे हे कळतं. पण हात थांबवू नका. सहा महिने हात थांबला की बोटांना मायक्रॉन कळत नाही.

डायफिटर
मंडळी, दीड वर्षाने धागा वर काढतोय. डिसेंबर २०२५. तेव्हा इतक्या जणांनी लिहिलं आणि मी पुढे काय झालं ते सांगितलंच नाही.

आम्ही २७ पैकी २३ जण शेवटपर्यंत एकत्र राहिलो. शिवाजीनगरला कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज दिला. समेटाच्या बैठकांना कंपनीकडून दोनदा वकील आला, नंतर कोणी नाही. आता लेबर कोर्टात आहे. निकाल नाही. 'नऊवर्षे' यांची आठवण दर तारखेला येते. ते म्हणाले तसंच चाललंय, तारखेला गेलं की रोज बुडतो. म्हणून पाळी लावलीय, प्रत्येक तारखेला दोघेच जातात, बाकीचे त्यांच्या रोजाला हातभार लावतात.

पीएफ ऑफिसात आम्ही पगाराच्या स्लिपा जोडून तक्रार केली. कलम ७ए ची, म्हणजे थकलेला पीएफ किती ते ठरवायची, चौकशी लागली. पीएफचं देणं मालमत्तेवर सगळ्यात आधी येतं, हे तिथल्याच एका साहेबांनी समजावलं. सात महिन्यांचे पैसे या दिवाळीआधी जमा झाले. खात्यावर सोडल्याची तारीख कंपनीने टाकलीच नव्हती, शेवटच्या भरण्यानंतर दोन महिने उलटले की ती आपली आपल्याला टाकता येते. दहा वर्षांपेक्षा जास्त नोकरी असल्याने पेन्शनचा भाग मी हलवला नाही, ५८ ला लागेल.

ईएसआयचा भत्ता मिळाला. कागदपत्र साहेब, तुम्ही योजनेचं नाव लिहिलं होतंत ते मी चिठ्ठीवर लिहून खिडकीत दिलं. पहिल्यांदा 'नाही' म्हणाले. चिठ्ठी वाचल्यावर फॉर्म दिला.

ज्या अकरा जणांनी सही केली त्यातले तिघे आता आमच्याबरोबर तारखेला येतात. त्यांच्यासाठी वेगळं काही करता येतं का ते वकील बघतायत.

मी तळवड्यात आहे. १५ वर सुरुवात केली, आता १९. वायरकट (तारेने धातू कापायचं मशीन) शिकतोय, वय ४६. हत्यारं चौथ्या अर्जानंतर मिळाली. बँकेचा माणूस, वॉचमन आणि मी, तिघे आत गेलो. टूलरूममध्ये उंदरांची घाण, सरफेस प्लेटवर गंज चढलेला. माझ्या बेंचवर त्या ब्रॅकेटचे पाच पीस तसेच होते, क्वालिटीने ओके केलेले, हिरव्या टॅगसकट. एक खिशात घालावासा वाटला. यादीत नव्हता म्हणून ठेवून आलो.

कागदपत्र
वाचून बरं वाटलं. एक भर घालतो, नव्याने वाचणाऱ्यांसाठी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून, वर मी सांगितलेल्या औद्योगिक विवाद कायद्यासारख्या जुन्या कायद्यांच्या जागी, नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. कारखाना बंद करायला सरकारची परवानगी आता ३०० कामगारांपासून पुढेच लागते, आधी १०० होती. व्यक्तिगत वाद दाखल करायची मुदत तीन वर्षांवरून दोनवर आली. म्हणजे घाई जास्त करावी लागेल. वेतन संहितेत एक चांगलं आहे, आस्थापना बंद पडून काम गेलं तर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा.

चाकण_वेल्डर
काका, हा धागा आत्ता शोधून वाचतोय. आमच्याकडे आज सकाळी नोटीस लागली. आम्ही ५२ जण, सगळे गेटवरच आहोत. एचआरवाले म्हणतायत घरी जा, फोन करू. काय करू?

डायफिटर
घरी जाऊ नका. कुणाकडे वही आहे का बघा, नाव आणि तिकीट नंबर लिहायला सुरुवात करा, ठेकेदाराकडची मुलंही धरा. नोटिशीचा फोटो काढा, तारखेसकट. कोणत्याही कागदावर सही नाही. मी सहाला सुटतो, सातपर्यंत चाकणला पोचेन. गेट कुठल्या फेजमध्ये आहे ते निरोपात कळव.